क्रेडिट ॲनालिस्टची नोकरी: बेळगाव सीमाभागात कुठे शोधायची आणि कुठली टिकणार

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागात ‘क्रेडिट ॲनालिस्ट’ या नावाने नोकरी शोधायला बसलात तर हाती फारसं लागणार नाही. इथे हेच काम वेगळ्या नावांनी चालतं. खासगी बँकेत आणि एनबीएफसीत (बँक नसलेल्या कर्ज कंपनीत) क्रेडिट ऑफिसर, क्रेडिट मॅनेजर किंवा प्रोसेसिंग ऑफिसर म्हणतात, सरकारी बँकेत ॲडव्हान्सेसचं टेबल आणि सहकारी संस्थेत नुसतं ‘कर्ज विभाग’. काम मात्र एकच: समोरच्याला कर्ज द्यावं का, किती द्यावं आणि ते कशातून परत येणार, हे कागदावर लिहून सही करायची. जाहिराती शोधताना ही सगळी नावं टाका. ‘सेल्स’ किंवा ‘रिलेशनशिप’ असं लिहिलेली जागा मात्र वेगळी. तिथे फाइल आणायची असते, तपासायची नसते. मुलाखतीत दोन्ही कामं एकच असल्यासारखं सांगतात, म्हणून आधीच विचारून घ्या.

कुठलं काम जातंय

अमेरिकेच्या श्रम खात्याच्या दहा वर्षांच्या अंदाजात क्रेडिट ॲनालिस्टच्या जागा घटणार असं म्हटलंय, आणि त्यामागे यांत्रिकीकरण हे मोठं कारण आहे. आपल्याकडचं चित्र तंतोतंत तसं नाही, पण दिशा तीच आहे. पगारदाराचं पर्सनल लोन किंवा दुचाकीचं कर्ज आता क्रेडिट स्कोअर, पगाराची नोंद आणि चालू हप्ते पाहून यंत्रच मंजूर करतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अकाउंट ॲग्रिगेटरची व्यवस्था सुरू झाली. खातेदाराने मोबाइलवर संमती दिली की त्याचं स्टेटमेंट थेट बँकेच्या सिस्टिममध्ये येतं. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जदारांची माहिती क्रेडिट ब्युरोंना (सिबिलसारख्या संस्थांना) किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. २०२५ मध्येच सरकारी बँकांनी छोट्या उद्योगांच्या कर्जासाठी जीएसटी, आयकर आणि खात्याच्या डिजिटल माहितीवर चालणारं मूल्यमापन आणलं. ताळेबंदातले आकडे उचलून एक्सेलमध्ये भरायचे आणि गुणोत्तरं काढायची, एवढ्यावर आता कुणाचं पोट भरणार नाही.

पण यंत्राला आयती माहिती लागते. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची खरेदी तीन-चार महिन्यांत उरकते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्याची बिलं मोठ्या कंपनीकडे नव्वद दिवस अडकतात. हुक्केरीच्या शेतकऱ्याची चार एकर जमीन कर्नाटकात असते आणि दोन एकर गडहिंग्लज तालुक्यात. अशा ठिकाणी कागद वाचणारा आणि जागेवर जाऊन पाहणारा माणूस लागतोच. सीमाभागातल्या मराठी मुलामुलींना कन्नड आणि मराठी दोन्ही वाचता येतं. ही गोष्ट बायोडेटात ‘भाषा’ या रकान्यात शेवटी लिहून वाया घालवू नका, कामाच्या कौशल्यांमध्ये पहिली लिहा: ‘कर्नाटकचा आरटीसी आणि महाराष्ट्राचा सातबारा दोन्ही वाचून तपासता येतात.’ आरटीसी म्हणजे कर्नाटकातला सातबाराच.

कुठे अर्ज करायचा

सरकारी बँकेत थेट क्रेडिटच्या टेबलावर सहसा कुणी बसवत नाही. आयबीपीएसच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेतून आत जायचं, दोन-तीन वर्षं शाखेत काढायची आणि मग कर्ज प्रक्रिया केंद्रासाठी मागणी करायची. मार्च २०२४ च्या वेतन करारानंतर पीओचं सुरुवातीचं मूळ वेतन ४८,४८० रुपये आहे, भत्ते वेगळे. स्टेट बँक ‘मॅनेजर (क्रेडिट ॲनालिस्ट)’ अशा जागाही अधूनमधून काढते. त्यासाठी सीए, सीएमए, सीएफए किंवा फायनान्समधलं एमबीए आणि काही वर्षांचा कर्जाचा अनुभव मागतात. नुकत्याच पदवी घेतलेल्याने तिथे वेळ घालवू नये.

लेखनिक पदांना स्थानिक भाषा लागते आणि इथे सीमाभागातल्यांची एक सोय आहे. कर्नाटकातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर मराठी आणि कन्नड दोन्ही विषय असतात. स्टेट बँकेच्या लेखनिक भरतीत दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा असेल तर भाषा चाचणी माफ असते. म्हणजे कर्नाटक किंवा महाराष्ट्र, जिथे जागा जास्त तिथे अर्ज करता येतो. पण अर्ज एकाच राज्यासाठी भरायचा असतो, म्हणून जागांचा तक्ता पाहून ठरवा. गुणपत्रिकेची मूळ प्रत आताच शोधून ठेवा. ऐनवेळी ती शाळेच्या कपाटात सापडते.

कर्नाटकातल्या दोन ग्रामीण बँका १ मे २०२५ पासून एकत्र होऊन कर्नाटक ग्रामीण बँक झाली, मुख्यालय बळ्ळारीत. जुन्या पुस्तकांत आणि क्लासच्या नोट्समध्ये धारवाडची विकास ग्रामीण बँक अजून वेगळी दिसते. पीक कर्ज, दुभती जनावरं, बचत गट यांचं खरं शिक्षण या बँकेत मिळतं.

सहकारी पतसंस्था, सौहार्द (कर्नाटकच्या वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी संस्था) आणि मल्टिस्टेट सोसायट्या हा बेळगावचा खास भाग. इथे जागा निघतात, पण बऱ्याचदा जाहिरात न देता. अर्ज घेऊन स्वतः जावं लागतं. जाण्याआधी त्या संस्थेचा वार्षिक अहवाल मिळवा आणि चार गोष्टी बघा: लेखापरीक्षणाचा वर्ग अ आहे की घसरलेला, थकबाकीचं प्रमाण तीन वर्षांत वाढतंय की घटतंय, ठेवींच्या मानाने कर्ज किती वाटलंय आणि नफ्यातली तरतूद खरी आहे की नुसती दाखवायची. ही तपासणी म्हणजे तुमचं पहिलं क्रेडिट ॲनालिसिस. ज्या संस्थेत ठेवी परत देताना तारखा पडायला लागल्यात तिथे कर्ज विभागात जाऊ नका. तिथे कर्ज विभाग म्हणजे वसुली विभाग.

एनबीएफसी आणि स्मॉल फायनान्स बँकांकडे जागा सर्वांत लवकर मिळतात: वाहन, घर, मालमत्ता तारण, सोनेतारण. सोन्याचा नियम मुलाखतीत हमखास विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही मर्यादा आहे. अंमलबजावणीची मुदत १ एप्रिल २०२६.

मायक्रोफायनान्समध्ये जाताना डोळे उघडे ठेवा. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम सांगतो की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असावं आणि सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, तेव्हापासून या कंपन्या जपून पावलं टाकतात. ‘क्रेडिट’ म्हणून घेतात आणि सकाळी सात वाजता हप्ता गोळा करायला पाठवतात, अशी जागा असेल तर नेमणूकपत्रात वसुलीचं काम लिहिलंय का ते बघूनच सही करा.

पुणे-बेंगळुरूच्या बॅक ऑफिसमध्ये परदेशी बँकांचे ताळेबंद भरायचं काम ‘ॲनालिस्ट’ या भारी नावाने मिळतं. नाव चांगलं, पगारही बरा, पण यंत्र सर्वांत आधी हेच काम खाणार. जायचं असेल तर इथे दोन वर्षं फाइली हाताळून मग जा.

जमिनीचे कागद: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

बेळगावात आरटीसीलाही लोक उताराच म्हणतात, सातबाराही उतारा, आणि कारखान्यावर गेलात तर साखरेचाही उतारा. बँकेतल्या माणसाने कुठला उतारा ते नीट विचारून घ्यावं. शेतकऱ्याची फाइल आली की या क्रमाने जा:

१. आरटीसीत मालकाच्या रकान्यात, म्हणजे नवव्यात, किती नावं आहेत ते मोजा. अर्जदार एक आणि नावं पाच असतील तर बाकीच्या चौघांची सही लागणार किंवा वाटणी झालेली असावी लागणार. वडील वारले पण वारसा नोंद झाली नाही, ही सर्वांत जास्त सापडणारी अडचण.

२. अकराव्या रकान्यात बोजा (जमिनीवरचं कर्ज) बघा. सातबाऱ्यावर हीच गोष्ट ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. कर्ज फेडलं पण बोजा उतरवला नाही असं कर्जदार सांगतो. बऱ्याचदा ते खरं असतं, पण बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा) आणि बोजा कमी झाल्याची नोंद दोन्ही हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. क्षेत्र एका मापात आणा. आरटीसी एकर-गुंठ्यांत, सातबारा हेक्टर-आरमध्ये. १ हेक्टर म्हणजे २ एकर आणि जवळजवळ १९ गुंठे, १ एकर म्हणजे ४० गुंठे. गुंठा आणि आर जवळपास सारखेच असल्याने नवखा माणूस ०.८० हेक्टरला ८० गुंठे म्हणजे दोन एकर धरतो. तिथे उत्तर जेमतेम जुळतं, म्हणून सवय लागते. मग १.२० हेक्टर दिसलं की तो ‘एक एकर वीस गुंठे’ लिहून मोकळा होतो, खरं क्षेत्र असतं तीन एकरच्या आसपास. खराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र वजा करायलाही विसरू नका.

४. जमीन विकता येण्यासारखी आहे का? कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनीला १९७८ चा पीटीसीएल कायदा लागतो, परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. महाराष्ट्रात ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं असेल तर तोच सावधपणा.

५. कर्नाटकच्या कावेरी पोर्टलवरून ईसी (मिळकतीवरच्या नोंदणीकृत व्यवहारांचा दाखला) काढा. व्यवहार असतील तर नमुना १५ मिळतो, काहीच नसेल तर नमुना १६. नमुना १६ पाहून खूश होऊ नका. सर्वे नंबर किंवा हिस्सा चुकीचा टाकला तरी ‘काही नाही’ असंच येतं. शिवाय सरसाईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) शोध घ्या, कारण नुसती कागदपत्रं ठेवून घेतलेलं कर्ज तिथे सापडू शकतं.

आता सीमाभागाचा खास सापळा. जमीन दोन्ही राज्यांत असलेला शेतकरी इकडे गावच्या पीकेपीएसमधून (कर्नाटकातल्या शेती सोसायटीतून) पीक कर्ज घेतो आणि तिकडे विकास सेवा सोसायटीतून. गावच्या सोसायट्यांची आणि पतसंस्थांची कर्जं सिबिलमध्ये बऱ्याचदा दिसतच नाहीत. रिपोर्टमध्ये स्कोअर ७८० आणि प्रत्यक्षात तीन ठिकाणी देणी, असं होतं. उपाय साधा आहे: दोन्ही राज्यांतले उतारे मागा, दोन्हीकडच्या सोसायट्यांचे येणे-बाकीचे दाखले मागा आणि बायकोच्या, भावाच्या नावावरचं कर्जही विचारा. स्कोअर ‘उणे १’ आला तर तो वाईट नव्हे. अर्जदाराने आजवर ब्युरोला कळेल असं कर्जच घेतलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नावांचा घोळ वेगळा. आधारवर आडनाव शेवटी, आरटीसीत आधी, पॅनवर नुसतं आद्याक्षर, आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग तिसरंच. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लॉगिनच्या (फाइल सिस्टिममध्ये टाकण्याच्या) दिवशीच घ्या, मंजुरीनंतर नाही. कन्नड आकडे वाचता येत नसतील तर दोन संध्याकाळी खर्च करून शिका. बाकी आरटीसीतले हिस्सा, खराब, खाते हे शब्द आपलेच आहेत.

गावठाणातलं घर तारण असेल तर ई-स्वत्तूचे (कर्नाटकातल्या ग्रामपंचायत मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुना ९ आणि ११ मागा. ११-ब (नियमित नसलेली मिळकत) असेल तर बहुतेक बँका नाही म्हणतात, काही एनबीएफसी जास्त व्याजाने घेतात. शहराच्या कडेला शेतजमिनीचे गुंठे पाडून बाँड पेपरवर विकलेले प्लॉट तारण म्हणून शून्य धरा. भाव कितीही असो.

धंदा वाचायचा कसा

फाउंड्रीवाला जीएसटीत महिन्याला १ कोटी १० लाखांची विक्री दाखवतो. त्याचं हेस्कॉमचं लाइट बिल घ्या. इंडक्शन फर्नेसला एक टन बीड वितळवायला ढोबळमानाने ५५० ते ६५० युनिट लागतात. बिल ६६,००० युनिटचं असेल आणि इतर यंत्रांसाठी त्यातले ६,००० सोडले, तर ६०० च्या हिशेबाने १०० टन वितळलं. त्यातलं रनर-रायझर (ओतताना साच्याच्या वाटांत उरणारा धातू) आणि बाद माल वगळून ६० टन कास्टिंग विकण्याजोगं निघालं आणि किलोला १०० रुपये धरले, तर विक्री ६० लाख. मग उरलेले ५० लाख कुठून आले? तयार कास्टिंग बाहेरून आणून मशिनिंग करून विकत असेल, तर जीएसटीच्या २-बी या खरेदीच्या पत्रकात ती दिसेल. दिसत नसेल तर भावाच्या फर्मशी बिलांची फिरवाफिरवी चालू आहे का ते बघा. दोन फर्म एकमेकींना बिलं फाडतात, दोघींची उलाढाल फुगते आणि माल जागचा हलत नाही. ई-वे बिलावरचा गाडी नंबर आणि वेळ तपासली की हे उघडं पडतं.

निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे वेगळी खूण सापडते. शेतकऱ्याकडून घेतलेल्या तंबाखूच्या पानावर कर खरेदीदाराने भरायचा असतो, म्हणजे रिव्हर्स चार्ज. म्हणून जीएसटीच्या ३-बी या विवरणपत्रातल्या ३.१(ड) या ओळीत त्याची शेतकऱ्यांकडची खरेदी दिसते. ती वर्षभर सारखी असेल तर शंका घ्या, कारण खरी खरेदी हंगामात एकदम चढते. अशा व्यापाऱ्याला बारा महिने सारखी कर्जमर्यादा देणं चुकीचं. हंगामात जास्त आणि नंतर उतरती ठेवली तरच पैसा मालात राहतो. नाहीतर उरलेल्या महिन्यांत तो पैसा प्लॉटमध्ये जातो आणि पुढच्या हंगामात खात्यात काही नसतं.

ऊस. समजा, ट्रॅक्टरसाठी ६ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं, हप्ता वर्षातून एकदा. हप्ता येतो सुमारे १,५८,००० रुपये. शेतकऱ्याचा तीन एकर ऊस, एकरी ४० टन, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,९०० हातात येतात असं धरलं तर ३,४८,०००. एकरी ७०,००० खर्च धरला तर उरले १,३८,०००, आणि यातूनच घरही चालायचंय. हप्ता बसत नाही. ट्रॅक्टर भाड्याने चालवून किती मिळेल, गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत, हे विचारल्याशिवाय ही फाइल पुढे नेऊ नका. २०२५-२६ चा एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे म्हणून टनाला ३,५५० धरणारे अर्ज भरपूर येतात. तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते हे ते सोयीने विसरतात. कायद्याने बिल १४ दिवसांत यायला हवं, पण हप्त्याची तारीख ठरवताना कारखान्याने मागचे तीन हंगाम बिलं किती दिवसांनी दिली ते पासबुकात बघा आणि त्यावर महिना जास्त धरा. उसाच्या कर्जाला महिन्याचा हप्ता लावणं म्हणजे चांगलं खातं हाताने थकवणं.

शहापूर, वडगावच्या मागवाल्यांकडे जीएसटीचे कागद बहुधा नसतातच, काम मजुरीवर असतं. माग किती, त्यातले चालू किती, सूत कोण देतो आणि मजुरी आठवड्याला बँकेत येते की हातात, एवढं विचारून त्याच्या निम्म्या आठवड्यांची नोंद पासबुकात मिळाली तरी काम भागतं.

आकडेमोड, जेवढी लागते तेवढी

खेळत्या भांडवलाला नायक समितीची पद्धत: ५ कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी अंदाजित विक्रीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालकाचे. ३ कोटी विक्री असेल तर गरज ७५ लाख, बँकेचे ६० लाख, मालकाचे १५ लाख. गेल्या वर्षी २.४ कोटी विकलेल्याने ३ कोटींचा अंदाज दिला तर वाढलेले ६० लाख कुठल्या ऑर्डरमधून येणार ते कागदावर मागा.

मुदत कर्जाला डीएससीआर (कमाई वर्षाच्या परतफेडीच्या किती पट आहे): नफा १२ लाख, घसारा ८ लाख, व्याज ६ लाख, एकूण २६. वर्षात फेडायची मुद्दल १४ आणि व्याज ६, एकूण २०. उत्तर १.३. बहुतेक बँका सरासरी १.५ च्या आसपास मागतात, १.२ च्या खाली गेलं की प्रश्न सुरू होतात. पगारदाराला एफओआयआर (पगारातला किती हिस्सा हप्त्यांत जातो): ४०,००० पगार, जुने हप्ते ९,०००, नवा १२,०००, म्हणजे ५२.५ टक्के. ५० ते ६० च्या वर कुणी सहसा जात नाही.

थकबाकीचे शब्द तोंडपाठ हवेत. हप्ता थकून ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (लक्ष ठेवायचं खातं), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि त्यापुढे एनपीए (अनुत्पादक कर्ज). शेतीच्या एनपीएला मात्र हंगामाचा हिशेब: कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, जास्त मुदतीच्या पिकाला एक. आणखी दोन आकडे विचारले जातात. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योग म्हणजे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. त्याच तारखेपासून सीजीटीएमएसईची (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची) हमी दहा कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळते.

आठ आठवड्यांत नमुना फाइल

मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा तयार फाइल जास्त बोलते. ओळखीतला एक दुकानदार किंवा कारखानदार आणि एक शेतकरी निवडा, त्यांची परवानगी घ्या, नावं-नंबर खोडून काम करा.

पहिले दोन आठवडे कागद गोळा करण्यात जातील: तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं ताळेबंदासकट, बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ३-बी, लाइट बिलं, उतारे, ईसी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्टेटमेंट एक्सेलमध्ये घ्या. प्रत्येक जमेपुढे ‘विक्री’, ‘कर्ज’, ‘स्वतःच्या खात्यातून’, ‘रोख’ असा शेरा लिहा, पिव्होट टेबल काढा आणि विक्रीची जमा ३-बी शेजारी महिन्यावार मांडा. फरक १० टक्क्यांवर असेल तिथे थांबून कारण शोधा. सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं, म्हणून घाई करू नका. पाचव्या आठवड्यात जागेवर जा. माल मोजा, जुना माल कुठल्या कोपऱ्यात ठेवलाय ते बघा, कामगार किती ते मोजा, शेजाऱ्याशी बोला. यालाच पीडी (पर्सनल डिस्कशन) म्हणतात. मालकाला ‘धंदा कसा चाललाय’ विचारू नका. ‘गेल्या महिन्यात सर्वांत मोठं बिल कुणाला केलं आणि पैसे आले का’ असं विचारा. सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन पानांची कर्ज शिफारस लिहा: मागणी काय, धंदा काय, पैसा कशातून येणार, काय बिघडू शकतं, तारण काय, तुमची शिफारस किती आणि कुठल्या अटींवर. मागितलेली रक्कम जशीच्या तशी मंजूर करणारी शिफारस मुलाखतीत पडते. कमी करा किंवा अट घाला, आणि का ते लिहा. आठव्या आठवड्यात ती सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि त्याला प्रश्न विचारू द्या.

जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा नोकरी लागल्यावर कराव्यात, तेव्हा त्यांचा पगारवाढीलाही उपयोग होतो. सीए इंटर करून थांबलेल्यांनी लाजायचं कारण नाही. क्रेडिटच्या टेबलावर त्यांची मागणी चांगली असते.

पगार आणि पहिले सहा महिने

खासगी ठिकाणी सीटीसीचा (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आकडा मोठा दिसतो. हातात किती येणार, त्यात इन्सेंटिव्ह किती आणि पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर मिळतात की ठरावीक, हे लेखी घ्या. बेळगावहून अथणी किंवा उगारपर्यंतचा भाग सांभाळायला सांगितला तर ठरावीक पेट्रोल भत्ता पंधरा दिवसांत संपतो. क्रेडिटच्या माणसाचा इन्सेंटिव्ह कर्जवाटपाच्या आकड्यावर ठरत असेल तर तिथे फाइल नाकारायला बळ उरत नाही, हेही लक्षात घ्या.

नवख्याच्या फाइली मुख्यतः तीन कारणांनी बिघडतात. एजंटाने दिलेलं स्टेटमेंट पीडीएफमध्येच स्वीकारलं आणि त्यात फेरफार होता. जामीनदाराला फोन केला, भेट घेतली नाही. आणि महिनाअखेरीस शाखेच्या टार्गेटसाठी ‘उद्या कागद देतो’ यावर कर्ज वाटलं. मंजुरीच्या अटींमधला एखादा कागद वाटपानंतर आणायचा ठरला असेल तर तो आणायची तारीख आणि नाव फाइलवरच लिहा, आणि शाखाधिकाऱ्याची सही त्याच ओळीखाली घ्या.

तुम्ही शिफारस केलेल्या प्रत्येक फाइलची एका वहीत ओळ लिहा: तारीख, धंदा, रक्कम, तुम्हाला वाटलेली एक शंका. मग पहिल्या तीन हप्त्यांचा नॅच (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) बाउन्स झाला का ते दर महिन्याला त्यापुढे मांडा. सहा महिन्यांनी चाळीस-पन्नास ओळी झाल्या की आपण कुठल्या धंद्यात फसतो ते त्या वहीत दिसतं. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीलाही, ग्राहकांची नावं काढून, ती वही घेऊन जा.